सहा आठवड्यांचं टेबल

अर्विन रेबरला मूठमाती देऊन लोक घरी परतले, तेव्हा जेवणाची टेबलं मांडून तयार होती. मोठी तीन, एकाला एक जोडलेली, आणि चुलीच्या बाजूला एक लहान. लहान टेबल मोठ्यांच्या इतकं जवळ होतं की मधे फार तर बोट शिरावं. वर सगळ्यांवर मिळून एकच मेणकापड अंथरलेलं. परक्या माणसाला वाटावं, एकच लांबलचक पंगत आहे. पण कापडाखाली फट नेमकी कुठं आहे, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अर्विनची मुलगी मलिंदा कुणी सांगायची वाट न बघता फटीच्या अलीकडे, चुलीकडे तोंड करून बसली. ही तिची नेहमीची खुर्ची. समोरची खुर्ची नेहमी रिकामीच असायची.

मोठेपणी घ्यायच्या बाप्तिस्म्याआधी तिनं आमिश मंडळी सोडली असती तर कुणी फारसं काही म्हटलं नसतं. तिनं सगळ्यांदेखत वचन दिलं आणि मग मोडलं. पुस्तकांनी तिचं डोकं फिरवलं असं गाव म्हणायचं, आणि तिला ते साफ खोटं आहे असंही म्हणता आलं नसतं. आता ती तासाभराच्या अंतरावरच्या शहरात वाचनालयात काम करायची, मोटार चालवायची, डोकं उघडं ठेवायची. तिला वाळीत टाकलं होतं, पण घरी यायला बंदी नव्हती. बोलायला नव्हती. तिला कुणी काही द्यावं, त्यालाही नव्हती. आई दर हिवाळ्यात मोजे विणून द्यायची. फक्त तिच्या पंगतीला बसायचं नाही आणि तिच्या हातातून काही घ्यायचं नाही. ती पाव टेबलावर ठेवी, मग बाबा तो टेबलावरून उचलत. चौदा वर्षं असंच चाललं होतं. राग नव्हता, आदळआपट नव्हती. पाव खाली ठेवायचा आणि उचलायचा, एवढंच.

एक दिवस सोडून.

साथीचं पहिलं वर्ष होतं. शरद संपत आला होता. बाबांचं कार्ड आलं: बटाटे निघाले. जमेल तेव्हा ये. लवकर जमव. बाबा कार्डावर पिकांशिवाय काही लिहीत नसत, म्हणून तो शेवटचा शब्द तिनं दोनदा वाचला आणि त्याच रविवारी निघाली. जेवायची वेळ झाली. ती आपल्या खुर्चीवर बसली. मोठ्या टेबलावर आई, भाऊ रूबेन, त्याची बायको एडना, पोरं. बाबा मोज्यांवरच चालत आले, मोठ्या टेबलाला वळसा घातला आणि तिच्यासमोरची रिकामी खुर्ची ओढून बसले. कुणी मान वर केली नाही. प्रार्थना झाली. बाबा म्हणाले, "मीठ दे."

तिनं सवयीनं मिठाची बाटली टेबलावर ठेवली.

त्यांनी हात पुढे केला. तळहात वर. "हातात दे," ते म्हणाले.

तिनं दिली. त्यांनी घेतली, बटाट्यावर शिंपडली आणि पुन्हा तिच्या हातात दिली. मग पाव. मग लोणी. जेवणभर ते एकेक मागत राहिले, नको असलेलंसुद्धा. परतताना तिला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली, समोरचं दिसेना. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी तिच्यासाठी नियम मोडला होता, आणि घरानं तो मुकाट्यानं गिळला होता. असं तिला वाटलं. नाताळानंतर ती पुन्हा गेली तेव्हा बाबा मोठ्या टेबलावर होते, आणि पाव पुन्हा टेबलावरून उचलला गेला. बिशपनं कान उपटले असतील, तिनं समजून घेतलं. पण एकदा तर त्यांनी मोडला होता. आई-बापाकडून लोकांना काय काय मिळतं, कुणाला जमीन, कुणाला घड्याळ. तिला तो एक दिवस मिळाला होता. आज पेटीवर माती पडत असताना ती तोच दिवस मुठीत धरून उभी होती.

"इथं बसू का मी?" समोर वेंडेल उभा होता, ताट भरून. वेंडेल दूधगाडीवाला. आमिश नव्हता, त्यामुळे त्याला कुठल्याही टेबलावर बसायची मुभा होती. इथल्या गोठ्यांतले दुधाचे कॅन चीजच्या कारखान्यात पोचवायचे आणि लांब कुठं जायचं असेल तर या बिनमोटारीच्या लोकांना घेऊन जायचं, ही त्याची वीस वर्षांची चाकरी. "तिकडं सगळे माझ्या दाढीला हसतात."

"तुम्हाला दाढी कुठंय?"

"म्हणून तर हसतात." तो रिकाम्या खुर्चीत मावेल तेवढा मावला आणि खिडकीकडे मान काढून पाहू लागला. "ही जागा बरी आहे. माझा ट्रक दिसतो. पोरं चाकांशी खेळतायत, जाताना एखादं खाली यायचं." मग त्यानं मांसाच्या थंड कापावर शिजवलेला आलुबुखार ठेवला. ताटात काय कशाबरोबर खायचं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. "गेला बाबा अर्विन. धार काढता काढता, नाही का?"

"हो. गाय तशीच उभी होती म्हणे. हललीसुद्धा नाही."

"त्याच्या गायी तशाच. शिकवलेल्या." तो थोडा वेळ चावत राहिला. "दूध ओतायला लागलं त्या दिवशी मीच आलो होतो सांगायला. फोन नाही तुमच्याकडं, मग काय करणार. हॉटेलं बंद, शाळा बंद, कारखाना म्हणाला घेणार नाही. इथं कॅन भरून रांगेत, आणि मी रिकामा ट्रक घेऊन उभा. मला वाटलं चिडेल. मी तरी चिडलो असतो. त्यानं टोपी काढली, खांबाला अडकवली आणि एकेक कॅन शेतात नेऊन उलटा केला. तीन आठवडे रोज. मांजरंसुद्धा शेवटी तोंड फिरवून जायला लागली. मी म्हटलं, अर्विन, धारच काढू नकोस ना. तर म्हणे, मग ते तूच गायीला समजावून सांग."

मलिंदा हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"बरं झालं, सरकारी पैसे तरी मिळाले त्याला," वेंडेल म्हणाला.

"कुणाला?"

"अर्विनला. साथीत शेतकऱ्यांना मदत दिली ना सरकारनं, दुधाच्या हिशेबानं. मीच घेऊन गेलो होतो त्याला कचेरीत."

तिनं काटा खाली ठेवला. "तुमची चूक होतेय. दुसरा कुणीतरी असेल."

"तुझ्या बापाला ओळखत नाही मी?"

"बाबा सरकारचे पैसे घेत नव्हते. आमच्यात कुणी घेत नाही." आमच्यात, हा शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला ऐकू आला. पण तो खरा होता. म्हातारपणी पेन्शन नको, आजारपणात विमा नको. ज्याचं त्याचं मंडळी पाहते, डीकन घरोघर फिरून गोळा करतो. सरकारचं खाल्लं की सरकारचं ऐकावं लागतं, हे वाक्य तिनं अक्षर ओळखायच्या आधी ऐकलं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्याआधी सरकारनं देशातल्या सगळ्यांना चेक पाठवले, तेव्हा बाबांनी आपला चेक दुसऱ्या पाकिटात घालून, पदरचं तिकीट लावून परत धाडला होता. आईनं हे तिला हसत सांगितलं होतं.

"मलाही आश्चर्य वाटलं," वेंडेल म्हणाला. "आणि काय सांगू, खिडकीतल्या त्या पोरीला किती पिडलं त्यानं. हे पैसे दूध संघाचे की सरकारचे? ती म्हणाली, सरकारचे, आजोबा. नक्की ना? नक्की. संघाचे असतील तर मला नकोत. मला वाटलं उलटं बोलतोय म्हातारा, घाबरलाय, आता उठून चालायला लागेल. तर म्हणाला, मग ठीक, सही कुठं करू?" त्यानं पाईचा तुकडा जवळ ओढला. "का गं? मी काही नको ते बोललो का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही खा."

तिला ते चित्र डोळ्यांपुढं आणता येईना. कचेरीतली ट्यूबलाइट, काचेपलीकडं तोंडाला मास्क लावलेली पोरगी, आणि बाबा गवती टोपी मांडीवर घेऊन सही करतायत. मेलेल्या माणसाबद्दल नवीन काही कळलं की वाटतं, तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलाय. आता विचारायला जावं तर दार नाही.

स्वयंपाकघरात एडना भांडी घासत होती. मलिंदा तिच्याशेजारी उभी राहून विसळायला लागली. विसळलेली प्लेट ती ओट्यावर ठेवी, एडनाची मोठी मुलगी ती तिथून उचलून पुसायची. मुलीचा बाप्तिस्मा मागच्याच वर्षी झाला होता. आधी ती आत्याच्या हातातून ओढून घ्यायची.

"लायब्ररीत भांडी घासायला शिकवतात वाटतं," एडना म्हणाली. तिचं प्रेम असंच बाहेर यायचं.

"एडना, बाबांनी सरकारी पैसे घेतले होते?"

एडनाचा हात पाण्यात थांबला. तिनं मुलीला कोरडे टॉवेल आणायला पाठवलं. ओट्यावरच टॉवेलांचा ढीग पडला होता, तरी. "त्या वेंडेलच्या तोंडाला झाकण नाही," ती म्हणाली. "कॅनला आहे, त्याला नाही."

"म्हणजे खरं आहे."

"माफ झालेलं आहे. त्यांनी गुडघे टेकले, कबूल केलं, मंडळीनं उठवलं, हात दिला. एकदा माफ झालं की परत तोंडातून काढायचं नाही. तुला माहीत आहे. तू काय लगेच इतकी बाहेरची झालीस का?"

तिला माहीत होतं. नवरा-बायकोसुद्धा भांडणात ती गोष्ट काढू शकत नाहीत. पुरून टाकलेलं असतं ते. म्हणून तर तिला इतके दिवस कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. लपवाछपवी नव्हती ती. शिस्त होती.

"गुडघे टेकून?" ती म्हणाली. "म्हणजे बाबांना वाळीत टाकलं होतं?"

"सहा आठवडे. जो ऐकत नाही त्याला जेवढे असतात तेवढे." एडनानं प्लेट घासली, पुन्हा तीच घासली. "मला नको बोलायला लावूस."

"कधी?"

"बटाटे काढल्यापासून. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जरा आधीपर्यंत."

हातातली प्लेट मलिंदानं ओट्यावर ठेवली. ती नीट ठेवली गेली, आवाज झाला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. चुलीवरच्या किटलीचं झाकण थडथडत होतं. कुणीतरी ते सारखं केलं.

बटाटे निघाले. लवकर जमव.

म्हणजे ते तिच्या टेबलावर आले नव्हते. त्यांना तिथं पाठवलं होतं. तेही फटीच्या अलीकडचेच होते त्या दिवशी. वाळीतला माणूस वाळीतल्या माणसाच्या पंगतीला बसू शकतो, हातातून घेऊ शकतो, त्यात मोडण्यासारखं काही नाही. मोठ्या टेबलावर कुणी मान वर केली नव्हती, कारण पाहण्यासारखं काही घडतच नव्हतं. बाबांनी नियम मोडला नव्हता. पाळला होता. ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडली होती, ती नियम पाळला गेला म्हणून.

"तुला चक्कर येतेय का?" एडनानं विचारलं. "बस जरा."

"नाही. हवा खाऊन येते."

अंगणात चिखल होता, मार्चमधला, बुटाला धरून ठेवणारा. दफनाच्या रांगेसाठी प्रत्येक बग्गीच्या अंगावर खडूनं आकडे लिहिले होते. ते आता आयव्हनमामा ओल्या फडक्यानं पुसत चालला होता. मामा आईचा धाकटा भाऊ, आणि मंडळीचा डीकन. गरिबांसाठी गोळा करायचं काम त्याचं, आणि चुकलेल्यांच्या दारी जायचं कामही त्याचंच. चौदा वर्षांपूर्वी मलिंदाच्या खोलीवर तोच आला होता, बिशपचा निरोप घेऊन. निरोप सांगून झाल्यावर खिशातून आईनं दिलेले अक्रोड काढून टेबलावर ठेवले होते त्यानं.

"मामा, बाबांच्या दारी पण तुम्हीच गेला होतात?"

त्यानं वळून पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "बोलल्या वाटतं बायका."

"वेंडेल बोलला. बायका बोलत नाहीत."

"मग तूही बोलू नकोस. माफ झालेलं आहे."

"त्यांना माफ करणारी मी कोण. मला फक्त माझा एक दिवस हवाय." आवाज चढला नाही, पण फडकं थांबलं. "त्या सहा आठवड्यांत मी एकदा आले होते. बाबा माझ्यासमोर बसले. माझ्या हातातून मीठ घेतलं. इतके दिवस मला वाटत होतं…"

"काय वाटत होतं?"

"त्यांनी नियम मोडला."

"अर्विननं?" मामा जवळजवळ हसला. "अगं, अर्विन रेबरनं जन्मात कुंपणाचा खुंटा वाकडा ठोकला नाही."

"तेच तर. म्हणजे तो त्यांचा दंड होता, आणि मी मधे सापडले. एवढंच."

मामानं पुढच्या बग्गीचा आकडा पुसला. पुसून झाला तरी फडकं फिरवत राहिला. घोड्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"एवढंच असतं तर बरं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या वर्षी आणखी एकानं घेतले होते ते पैसे. नाव नाही सांगत. परस्पर बँकेत आले, त्याला कळलंच नाही. मंडळीत बसल्या जागेवरून म्हणाला, चुकलं, परत करतो. रविवार संपला, विषय संपला. असल्याला सहा आठवडे लागतच नाहीत, मलिंदा. मी तुझ्या बाबाकडं तेच सांगायला गेलो. म्हटलं, अर्विन, दूध ओतावं लागलं तुला, सगळ्यांना कळतंय. मंडळीनं तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय, ते घे, हे परत कर. तर म्हणाला, मंडळीचं दुसऱ्या कुणाला द्या, मला गरज नाही. म्हटलं, मग सरकारचे कशाला घेतलेस? गप्प. म्हटलं, परत कर. करतो म्हणाला. कधी? आज नाही."

"आज नाही?"

"मी तीन खेपा घातल्या. माझा मेव्हणा, माझ्याहून मोठा. गोठ्यात उभा राहून शेण ओढतोय आणि मी त्याला समजावतोय. म्हटलं, अरे, चुकलं एवढं म्हण आणि मोकळा हो. चुकलं हे मला माहीत आहे, म्हणाला. मग म्हण की चारचौघांत. म्हणीन. पण आज नाही." मामानं फडकं पिळलं. पांढरं पाणी चिखलात गेलं. "शेवटच्या खेपेला त्यानंच मला विचारलं. जो ऐकत नाही त्याला किती दिवस रे? मी म्हटलं, मला काय विचारतोस, लहान आहेस का, सहा आठवडे. तर मान हलवली आणि म्हणाला, मग सहा आठवड्यांनी."

अंगणाच्या कडेला पोरं वेंडेलच्या ट्रकच्या चाकावर चढून उड्या मारत होती. एक आपटलं, उठलं, परत चढलं.

"आणि परत केले?"

"बँकेतून हललेच नव्हते. मुदत संपायच्या आत गेले परत. त्या रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेकले त्यानं. रडला. खरं रडला. मी हात धरून उठवला."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत? हे सगळं कशासाठी?"

"नाही."

"का?"

मामा आता तिच्याकडे न बघता बोलायला लागला, घोड्याशी बोलावं तसा. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. आणि त्यानं सांगितलं असतं तर तो माफ झाला नसता. पश्चात्ताप खरा हवा. ठरवून केलेल्याला, वाट बघून केलेल्याला काय म्हणायचं? मी डीकन आहे. विचारणं माझं काम आहे. तेवढं एक मी केलं नाही." त्यानं घोड्याच्या मानेवर थाप मारली. "आता तो जिथं गेलाय तिथं त्याला विचारतील. मलाही विचारतील. तू विचारू नकोस. तुझ्या आईला, सॅविलाला, तर नकोच नको."

तिनं मान हलवली. पुस्तकांतले सगळे शब्द एकदम खोटे वाटत होते. तिला आठवत होतं ते फक्त कचेरीतलं बोलणं. हे पैसे सरकारचेच ना? नक्की? संघाचे असते तर उपयोग नव्हता. संघाचे घेऊन कुणाला वाळीत टाकत नाहीत.

दिवस कलायला लागला तशा बग्ग्या निघाल्या. शेजारचे लोक धारा काढून, गोठा झाडून गेले. बाकं परत गाडीत चढली. मोठ्या टेबलांपैकी दोन शेजाऱ्यांची होती, तीही गेली. रूबेन आणि एडना पोरांना घेऊन अंगणापलीकडच्या आपल्या घरी गेले. स्वयंपाकघरात आई आणि मलिंदा राहिल्या. आईनं मेणकापड पुसायला घेतलं. फटीपाशी आल्यावर तिचा हात कापडाबरोबर किंचित खाली गेला, तसा वर आला.

मलिंदानं काहीच विचारलं नाही.

"थोडं खाऊन जा," आई म्हणाली. "दुपारी काही खाल्लं नाहीस तू. मी बघत होते."

"तू खाल्लंस?"

"मला बायकांनी भरवलं. आज माझं तोंड माझं नव्हतंच." आईनं लहान टेबलावर पाव आणि चीज ठेवलं, मनुकांच्या पाईचा उरलेला तुकडा ठेवला. मग फडताळातून प्लेट काढली. एक काढली, आणि मग हात परत आत गेला आणि दुसरी घेऊन बाहेर आला. तिनं ती लहान टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तशीच उभी राहिली.

"आई?"

"सवय लागली होती मला," आई म्हणाली. "तेव्हाची. मी एकच ठेवायची, तर तुझे बाबा म्हणायचे, दोन ठेव. मी म्हटलं, ती रोज कशी येईल, तिला नोकरी आहे. म्हणाले, ठेव तर खरं. रोज ठेवायची. रोज त्यांचं खाऊन व्हायचं आणि तुझी कोरडीच उचलून ठेवायची."

मलिंदा आपल्या खुर्चीवर बसली. त्या दिवसानंतर आणखी एक कार्ड आलं होतं. पुन्हा ये, एवढंच होतं त्याच्यावर. आणि तिनं उलट टपाली लिहिलं होतं की शहरात साथ फार वाढली आहे, वाचनालयात दिवसभर माणसं येतात, तुमच्या घरात मला काही आणायचं नाही, नाताळानंतर येते. तिला वाटलं होतं, आपण जपतोय त्यांना. आणि ते खरंही होतं.

"माझं पत्र आल्यावर बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, शहाणी आहे पोर. बरोबर आहे तिचं." आई मोठ्या टेबलाच्या कडेला, आपल्या बाजूला बसली. "आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, दोन ठेव."

"मला लिहायचंत ना गं. एक ओळ."

"काय लिहायचं? मला वाळीत टाकलंय, ये? तू धावत आली असतीस."

"आले असते."

"दया येऊन. ते त्यांना नको होतं. त्यांना आपलं नुसतं जेवायचं होतं." आईनं पायातल्या बुटाचा चिखल दुसऱ्या बुटानं खरवडला. "मला काही माहीत नाही हं, मलिंदा. मी कधी विचारलं नाही. मी फक्त प्लेटा ठेवल्या."

मग मलिंदा उठली. आपली खुर्ची सोडून ती टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली, दुसऱ्या प्लेटीपुढं. इतक्या वर्षांत ती तिथं कधी बसली नव्हती. तिच्या खुर्चीवरून चूल दिसायची, चुलीमागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर. इथून खिडकी दिसत होती. खिडकीतून अंगण, कुंपणाचं फाटक, आणि फाटकापासून उतरत गेलेला रस्ता, पार त्या वळणापर्यंत, जिथं शहराकडून येणारी गाडी पहिल्यांदा नजरेला पडते. वळणापासून फाटकापर्यंत यायला गाडीला बराच वेळ लागतो. तेवढ्यात माणसाला हात धुता येतात, बूट काढून ठेवता येतात, काही झालंच नाही असा चेहरा करता येतो.

वेंडेलचा ट्रक उतारावरून जात होता. वळणावर त्याचे मागचे लाल दिवे दिसले आणि गेले. रस्ता रिकामा झाला, तरी दिसत होता.

आईनं काड्यापेटी हातात घेतली. "अंधार पडला," ती म्हणाली. "दिवा लावू का?"

दिवा लावला की काचेत आपलंच घर दिसतं आणि बाहेरचं काही दिसत नाही.

"थांब जरा," मलिंदा म्हणाली.